गाडीतली टचस्क्रीन : वाद कुठवर आला?

चतुर्थी-दसऱ्याच्या आधी म्हापसा-पर्वरीच्या शोरूममध्ये पेडण्याहून, डिचोलीहून आलेली कुटुंबे दिसतात. नवी गाडी बघायला आपल्याकडे कोणी एकटा जात नाही. आई, बायको, मुले आणि नुकतीच गाडी घेतलेला एखादा शेजारी असे सगळे बरोबर असतात. पूर्वी माणूस गाडीत बसला की हात स्टिअरिंगवर जायचा, मग गिअरच्या दांड्यावर. आता तो मधल्या काचेवर जातो. विक्रेता फोन जोडून दाखवतो, गाणे लावतो, रिव्हर्स टाकून मागचा कॅमेरा दाखवतो आणि पाच मिनिटांत मत बनते. स्क्रीन मोठी आणि चटपटीत असेल, तर गाडी चांगली.

हे मत बनते तेव्हा गाडी उभी असते. खाली गुळगुळीत फरशी असते, पाऊस नसतो, समोरून टिप्पर येत नसतो. त्याच गाडीतून जुलैच्या संध्याकाळी अस्नोड्याहून डिचोलीकडे निघा. सर येते, आत चार माणसे असतात, समोरची काच आतून धुरकटते. वारा काचेकडे सोडायचा असतो. जुन्या गाडीत त्यासाठी गोल खटका होता आणि हात न बघता तिथे जायचा. काही नव्या गाड्यांत आधी नकाशा बाजूला सारावा लागतो, एसीचे पान उघडावे लागते, मग काचेचे चिन्ह शोधावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते.

शोरूममध्ये आवडलेली स्क्रीन आणि रस्त्यावर वापरावी लागणारी स्क्रीन यांत अंतर किती, ते कोणी भरून काढायचे, यावर गेली काही वर्षे संशोधक, गाडी कंपन्या आणि सुरक्षा संस्था वाद घालत आहेत. तो वाद कुठे पोचला आहे आणि पेडणे-डिचोलीच्या रस्त्यांवर त्याला कोणते वेगळे फाटे फुटतात, ते इथे क्रमाने मांडतो.

स्क्रीन गाडीत शिरली कशी

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरा या गाडीत जुन्या टीव्हीसारख्या काचनळीची टचस्क्रीन होती. रेडिओ आणि एसी दोन्ही तिच्यावर चालत. साध्या कामासाठी रस्त्यावरची नजर काढावी लागते, ही तक्रार तेव्हाही झाली आणि काही वर्षांत कंपनीने ती स्क्रीन काढून टाकली. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने सेव्हन सिरीजमध्ये आयड्राइव्ह आणली. तिच्यात स्क्रीन होती, पण तिला बोट लावायचे नव्हते. दोन सीटांच्या मधल्या एका गोल खटक्याने ती चालायची. मग २०१२ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एस गाडीत १७ इंचांची उभी स्क्रीन आली, डॅशबोर्डवरची बहुतेक बटणे गेली, आणि मोकळा डॅशबोर्ड हेच नवेपणाचे लक्षण ठरले. २०१४ मध्ये ॲपलने कारप्ले आणले, पाठोपाठ गूगलचे अँड्रॉइड ऑटो आले. आता स्क्रीन म्हणजे खिशातल्या फोनचाच मोठा आरसा झाली. अमेरिकेने मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा केला. कॅमेऱ्याचे चित्र कुठेतरी दाखवायलाच हवे, म्हणून स्वस्त गाड्यांतही स्क्रीनला जागा मिळाली.

आपल्याकडे महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० मध्ये २०११ सालीच टचस्क्रीन होती, पण ती वरच्या मॉडेलपुरती. २०१७ च्या टाटा नेक्सॉनमध्ये ती डॅशबोर्डच्या वर डोके काढून उभी राहिली. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या नव्या वॅगन आरमध्ये सात इंचांची स्क्रीन मिळू लागली. गोव्यासाठी ही नोंद महत्त्वाची आहे, कारण वॅगन आर ही इथल्या घरांची आणि टॅक्सीवाल्यांची गाडी आहे. त्याच वर्षी एमजी हेक्टर १०.४ इंचांची उभी स्क्रीन घेऊन आली आणि एसीसारखी कामेही तिने स्क्रीनवर नेली. २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० मध्ये १०.२५ इंचांच्या दोन स्क्रीन आल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाडीत १२.३ इंचांच्या तीन.

कंपन्यांना स्क्रीन का आवडते, याचे कारण बरेचसे हिशेबाचे आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, जोडणी लागते, तपासणी लागते. स्क्रीन एकदा बसवली की पुढचे काम सॉफ्टवेअरचे. एकाच डॅशबोर्डवर पाच मॉडेले काढता येतात आणि विकलेल्या गाडीतही नंतर बदल करता येतात. शिवाय गिऱ्हाईक दोन गाड्यांची तुलना करताना इंच मोजतो. खटक्याची पकड कोणी मोजत नाही.

कंपनीची स्क्रीन नसेल तर लोक बाहेरून बसवून घेतात. म्हापशासारख्या गावात नऊ-दहा इंची अँड्रॉइड प्लेअर एका दुपारी बसवून मिळतो. कंपनीच्या स्क्रीनवर गाडी चालू असताना व्हिडिओ सहसा बंद राहतो, तर बाहेरच्या प्लेअरवर तो अनेकदा चालूच असतो. जगभरच्या चर्चेत या दुसऱ्या प्रकारच्या स्क्रीनचा उल्लेख फारसा येत नाही, आणि आपल्या रस्त्यांवर तर ती जागोजागी आहे.

बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे

पहिला मुद्दा नकाशाचा. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि पेडण्यातल्या टॅक्सीवाल्याचे काम बदलले. त्याला हरमल-मांद्रे पाठ होते. आता रात्री उतरलेला प्रवासी काणकोणातल्या एखाद्या होमस्टेचे लोकेशन पाठवतो, ज्याच्या नावाची पाटीही रस्त्यावर नसते. अशा वेळी डोळ्यांच्या पातळीवरचा मोठा नकाशा हे त्याच्या रोजीरोटीचे हत्यार असते. मोरजी-आश्वेच्या अरुंद वाटांत दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असतात, तिथे गाडी मागे घेताना कॅमेऱ्याने किती पत्रे वाचवले असतील ते चालकांनाच ठाऊक. साठीच्या पुढच्या माणसाला फोनवरची अक्षरे दिसत नाहीत, स्क्रीनवरची दिसतात.

दुसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. स्क्रीन काढली तर चालक फक्त रस्ता बघेल, असे होत नाही. तो मांडीवरच्या फोनकडे बघेल. स्टिअरिंग एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात, हे दृश्य राष्ट्रीय महामार्ग ६६ वर धारगळपासून कोलवाळपर्यंत कुठेही दिसते. त्या मानाने एका जागी पक्की बसवलेली, फोन आला तर स्टिअरिंगवरच्या बटणाने उचलता येणारी स्क्रीन ही सुधारणाच आहे.

तिसरे म्हणणे सवयीचे. पहिल्या आठवड्यात सगळेच अवघड वाटते आणि महिन्याभरात बोट बरोबर जागी जाते. हे म्हणणारे पहिल्या मतावर दुसऱ्या बाजूने हरकत घेतात. शोरूममधला आनंद जसा फसवा, तसा पहिल्या दिवसाचा वैतागही फसवा असू शकतो. यात तथ्य आहे. मात्र सवय कशाची होते आणि कशाची होत नाही, हे तपासावे लागते, आणि विरोधकांचा भर नेमका तिथे आहे.

विरोधात बोलणाऱ्यांचे म्हणणे

खटका बोटाला सापडतो. त्याला कड असते, उंचवटा असतो, फिरवताना टक् असा झटका लागतो. काचेवर यातले काही नसते. बोट कुठे पडणार ते डोळ्याने ठरवावे लागते आणि पडल्यावर काम झाले की नाही तेही डोळ्यानेच बघावे लागते. सवयीने चिन्हाची जागा पाठ होईल, पण शेवटच्या दोन इंचांसाठी नजर लागतेच. त्यात रस्त्यावर खड्डा असेल तर अधांतरी धरलेला हात हलतो आणि भलतेच चिन्ह दाबले जाते. सॉफ्टवेअर बदलले की पाठ झालेली जागाही बदलते.

या तर्काला आकड्यांचा आधार आहे. स्वीडनमधल्या ‘व्ही बिलॅगारे’ या मोटार मासिकाने २०२२ मध्ये ११ नव्या गाड्या आणि २००५ ची एक जुनी व्होल्वो व्ही७० धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने चालवल्या. एसी वाढवणे, रेडिओचे स्टेशन लावणे अशी चार साधी कामे चालकांना दिली होती. बटणांच्या जुन्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली आणि तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या एमजी मार्व्हल आर या गाडीत ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. चालकांना चाचणीआधी गाड्यांची ओळख करून घ्यायला वेळ दिला होता. त्यामुळे हे आकडे निव्वळ अनोळखीपणाचे म्हणता येत नाहीत.

ब्रिटनमध्ये टीआरएल या वाहतूक संशोधन संस्थेने २०२० मध्ये सिम्युलेटरवर प्रयोग केले. अँड्रॉइड ऑटो बोटाने वापरताना चालकाची प्रतिक्रिया ५३ टक्क्यांनी मंदावली, कारप्ले वापरताना ५७ टक्क्यांनी. आवाजी आज्ञा देतानाही ती अनुक्रमे ३० आणि ३६ टक्क्यांनी मंदावली. दारूच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत प्यायलेल्या चालकाचा आकडा त्याच संस्थेच्या आधीच्या अभ्यासात १२ टक्के होता. अमेरिकेत युटा विद्यापीठाने एएए फाउंडेशनसाठी २०१७ च्या ३० गाड्या तपासल्या, तेव्हा नकाशात ठिकाण घालायला चालकांचे सरासरी ४० सेकंद गेले.

न्यायालयातही हा प्रश्न पोचला आहे. जर्मनीत २०१९ मध्ये पावसात वायपरची गती टेस्लाच्या स्क्रीनवर बदलताना एका चालकाची गाडी रस्ता सोडून गेली. कार्ल्सरुहेच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने २०२० मध्ये २०० युरो दंड आणि महिन्याची वाहनबंदी कायम ठेवली. वायपरसाठी वापरली तरी स्क्रीन हे इलेक्ट्रॉनिक उपकरणच, आणि तिच्याकडे क्षणभराहून जास्त बघता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. गाड्यांबाहेरचेही एक उदाहरण बोलके आहे. २०१७ मध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ या अमेरिकी युद्धनौकेची टक्कर होऊन दहा नाविक दगावले. चौकशीत टचस्क्रीनवरच्या नियंत्रणांचा घोळ हे एक कारण निघाले आणि नौदलाने वेगाच्या नियंत्रणासाठी पुन्हा हाताने चालवायचे दांडे बसवायचे ठरवले.

या पुराव्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सिम्युलेटर म्हणजे रस्ता नव्हे. स्वीडनच्या चाचणीतल्या गाड्यांत आपसांत फरक इतका मोठा होता की त्यावरून स्क्रीन वाईट असे सरसकट म्हणता येत नाही, काही स्क्रीनची मांडणी वाईट असेच म्हणता येते. प्रतिक्रिया मंदावण्यापासून प्रत्यक्ष अपघातापर्यंतचा दुवा आकड्यांत पकडणे अवघड आहे, कारण अपघातानंतर स्क्रीनकडे बघत होतो असे कोणी सांगत नाही. तरीही सगळे एकत्र ठेवले तर पुराव्याचा कल स्पष्ट आहे, असे माझे मत आहे. चालत्या गाडीत वारंवार लागणारी कामे काचेखाली नेणे ही चूक होती.

कंपन्यांची परतीची वाट

ही चूक काही कंपन्यांनीही मान्य केली आहे. माझदाने २०१९ च्या माझदा ३ मध्ये स्पर्शच बंद केला आणि गोल खटका ठेवला. होंडाने २०२० च्या जॅझमध्ये एसीसाठी स्क्रीनऐवजी पुन्हा फिरवायचे खटके दिले. फोक्सवॅगनच्या आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये तापमान आणि आवाजाच्या पट्ट्या स्पर्शाच्या होत्या आणि रात्री त्या उजळतही नव्हत्या. गिऱ्हाइकांचा राग इतका झाला की कंपनीच्या रचना विभागाचे प्रमुख आंद्रेआस मिंट यांनी २०२५ मध्ये महत्त्वाच्या कामांसाठी बटणे परत येतील असे जाहीर केले.

सर्वांत परिणामकारक पाऊल युरो एनकॅपने उचलले. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या या संस्थेने २०२६ पासूनच्या निकषांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल या पाच गोष्टींसाठी हाताला लागणारी स्वतंत्र नियंत्रणे असली तरच पूर्ण गुण, असे ठरवले. हा कायदा नव्हे. पण तारे गेले तर विक्री जाते, हे कंपन्या जाणतात. या यादीत एसी आणि काचेवरचा वारा नाही. ज्या भागात चार महिने पाऊस असतो, तिथल्या माणसाला ही उणीव लगेच जाणवते.

केरी नेमकी कुठली?

आता गोव्याकडे वळू. पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादीतल्या तालुक्यांत स्क्रीनचा प्रश्न बटणापाशी थांबत नाही, तो नावांपाशी अडतो.

आपल्या गावांची रोमन नावे पोर्तुगीज लेखनातून आली आहेत. पेडण्याचे पेर्नेम, डिचोलीचे बिचोलिम, साखळीचे सांकेलिम, हरमलचे आरांबोल, हळर्णचे आलोर्ना. शेवटी दिसणारा ‘एम’ हा उच्चारायचा म नसून अनुनासिकाची खूण आहे. तोरसे आणि तांबोसे यांच्या रोमन नावांत ‘एक्स’ आहे, कारण पोर्तुगीजमध्ये त्याचा उच्चार ‘श’ होतो. इंग्रजी वाचणारा यंत्राचा आवाज हे नियम जाणत नाही. तो एक्सचा ‘क्स’ करतो, म मोठ्याने म्हणतो, आणि उगवे, वझरी, कासारवर्णे या गावांची नावे त्या गावचा माणूसच ओळखू शकत नाही अशी होऊन बाहेर पडतात. उलट दिशेनेही हेच होते. माणूस ‘मये’ म्हणतो आणि यंत्र ते भलत्याच शब्दाशी जुळवते.

त्यात नावे दुहेरी-तिहेरी आहेत. केरी पेडण्यात आहे, जिथून तेरेखोलला फेरीबोट जाते. केरी सत्तरीतही आहे, चोर्ला घाट उतरल्यावर. फोंड्यातही एक केरी आहे. नावेली डिचोलीत आहे तशी सासष्टीतही. बेळगावहून चोर्ल्याने उतरणारा माणूस नुसते ‘केरी’ म्हणाला, तर स्क्रीन यादी पुढे करते. ती यादी वाचून बोटाने निवडायची असते. आवाजी आज्ञेने नजर रस्त्यावर राहते, हा बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा इथे तोकडा पडतो, कारण आवाज दिल्यावरही नजर काचेवरच येते.

परिस्थिती अगदीच थिजलेली नाही. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने आपल्या नकाशात ठिकाणांची नावे दहा भारतीय भाषांच्या लिपीत आपोआप दाखवायला सुरुवात केली. त्या दहांत मराठी होती. कोकणी नव्हती. कोकणी मे २०२२ मध्ये गूगलच्या भाषांतर सेवेत आली. काही भारतीय बनावटीच्या गाड्या हिंदीबरोबर मराठी आज्ञाही घेऊ लागल्या आहेत. पण ही मराठी पुण्या-मुंबईच्या छापील वळणाची आहे. पेडण्याचा चालक ‘एसी जरा बारीक कर’ म्हणेल किंवा कोकणीत ‘एसी उणो कर’ म्हणेल. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोकणीला राजभाषेचे आणि मराठीला सरकारी वापराचे स्थान दिले, पण गाडीच्या स्क्रीनवर त्यांपैकी कुठलीही भाषा असावी असे कोणतेही बंधन नाही. यासाठी लागणारी मेहनत प्रचंड नाही. तालुक्यातल्या गावांची, वाड्यांची, देवळांची नावे देवनागरीत आणि उच्चारासह नोंदवणे हे पंचायतींना आणि महाविद्यालयांना मिळून करता येण्याजोगे काम आहे.

नकाशाच्या चुका हा वेगळा विषय आहे, पण त्याचा एक धागा इथे जुळतो. २०१९ मध्ये बागा किनाऱ्याकडे जाणाऱ्यांना नकाशा चुकीच्या वाटेवर नेत होता, म्हणून हा रस्ता बागाला जात नाही असे सांगणारा फलक स्थानिकांनीच लावला होता. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेले एक कुटुंब नकाशाच्या भरवशावर खानापूर तालुक्यातल्या जंगलात रात्रभर अडकले. नेटवर्क मिळवायला त्यांना चालत जावे लागले आणि मग पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. फोनवरच्या नकाशाबद्दल माणसाच्या मनात थोडी शंका असते. डॅशबोर्डवर बारा इंचांत तोच नकाशा दिसला की तो गाडीचा सल्ला वाटतो. नार्वे ते दिवाडी किंवा केरी ते तेरेखोल हा फेरीबोटीचा टप्पा स्क्रीनवर रस्त्याइतकाच सरळ दिसतो. बोट बंद झाल्यावर तिथे पोचलेल्याला पुढे नदी लागते.

रोज नवा चालक

गोव्यातली दुसरी वेगळी गोष्ट म्हणजे रेंट-अ-कॅब. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या या गाड्या मोपापासून हरमलपर्यंत सगळीकडे दिसतात. सवयीचा मुद्दा मांडणारे म्हणतात की महिन्याभरात हात बसतो. पण भाड्याच्या गाडीचा चालक चार दिवसांत गाडी परत करतो. दिल्लीहून वा बंगळूरूहून आलेला माणूस विमानतळावर किल्ली घेतो आणि दहा मिनिटांत जोडरस्त्यावर असतो. वायपर कुठे, दिवे कुठे, काच कशी साफ करायची, हे तो चालवता चालवता शोधतो. त्याच्यासाठी पहिला दिवस संपतच नाही, आणि समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्यासाठीही नाही. किल्ली देताना पाच मिनिटे ही चार कामे हाताने करून दाखवण्याची पद्धत व्यावसायिकांनी घालून घेतली तर त्याला खर्च काहीच येणार नाही.

याच गाड्यांत आधीच्या गिऱ्हाइकांचे फोन जोडलेले राहतात. ब्लूटूथची यादी उघडली की आठ-दहा नावे दिसतात, काही वेळा त्यांचे संपर्कही. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँड तपासले आणि खासगी माहितीच्या रक्षणात सगळे नापास ठरवले. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. भाड्याच्या गाडीच्या स्क्रीनवर उरलेल्या माहितीची जबाबदारी मालकाची, कंपनीची की विसरून गेलेल्या पाहुण्याची, हा प्रश्न मोकळाच आहे.

टॅक्सीच्या डॅशबोर्डवर तर गर्दीच झाली आहे. गोवा माइल्स ॲप २०१८ मध्ये आले आणि त्यावरून झालेल्या वादांची उजळणी इथे नको. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ पासून डिजिटल मीटर बसू लागले. एका टॅक्सीत आता मीटर, ॲपचा फोन आणि मधली स्क्रीन असे तीन उजेड चालकापुढे असू शकतात. प्रत्येकाची परवानगी वेगळ्या दालनातून येते, त्यांचा एकत्रित भार चालकाच्या नजरेवर किती पडतो, याचा विचार करणारे दालन दिसत नाही.

पाऊस आणि धूळ यांबद्दल थोडक्यात. आजच्या स्क्रीन बोटातल्या सूक्ष्म विद्युतभारावर चालतात, त्यामुळे छत्री मिटून गाडीत बसल्यावर ओल्या बोटाला त्या नीट दाद देत नाहीत. डिचोलीच्या खनिजपट्ट्यातली तांबडी धूळ काचेवर बसते आणि दुपारच्या उन्हात अक्षरे दिसेनाशी होतात. टिकाऊपणाचा प्रश्नही आहे. टेस्लाने २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण स्क्रीनमागची साठवणुकीची चिप झिजून कॅमेऱ्यासकट सगळे बंद पडत होते. आपल्याकडे गाडी बारा-पंधरा वर्षे वापरतात. तुटलेला खटका कुठलाही मेकॅनिक बदलून देतो, पण मेलेल्या स्क्रीनला कंपनीकडेच जावे लागते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून गाडी चालवणे धोकादायक चालवण्यात धरले गेले. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते. केंद्रीय नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हातातले उपकरण फक्त मार्ग बघण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. या तरतुदींचा सगळा रोख हातातल्या उपकरणावर आहे. गाडीतच बसवलेल्या स्क्रीनची मांडणी कशी असावी, किती वेळ नजर गुंतली तर ती घातक, याचे मोजमाप त्यांत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये असे मोजमाप सुचवले होते. एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि एका कामासाठी एकूण बारा सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत. ते ऐच्छिकच राहिले.

१ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेले भारत एनकॅप प्रौढ प्रवासी, मुले आणि सुरक्षा साहाय्यक यंत्रणा यांवर तारे देते. स्क्रीन किंवा बटणांची मांडणी हा त्यात गुणांचा विषय नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालात मोबाइलच्या वापरामुळे झालेल्या अपघातांचा वेगळा रकाना असतो, गाडीतल्या स्क्रीनचा नसतो.

काय सुटलेले नाही

चालत्या गाडीत लागणारी कामे हाताला लागावीत यावर आता बरेच एकमत आहे, मतभेद यादीवर आहे. युरोपची यादी पाच कामांची आहे. पश्चिम किनाऱ्यासाठी तिच्यात समोरच्या काचेवरचा वारा हे सहावे काम असायला हवे, असे मला ठामपणे वाटते. आवाजी आज्ञा हा खरा उपाय आहे की नव्या प्रकारचे विचलन, यावर संशोधक अजून विभागलेले आहेत. आणि आज्ञा कोकणीत वा आपल्या मराठीत देता येत नाही तोवर पेडणे-डिचोलीपुरता तो प्रश्न उपस्थितच होत नाही. बाहेरून बसवलेल्या प्लेअरवर कोणाचे नियंत्रण, हेही ठरलेले नाही. भारतीय रस्त्यांवर, भारतीय चालकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाशिवाय परदेशी आकड्यांवर किती विसंबायचे, हा आक्षेप कंपन्या घेऊ शकतात आणि तो गैर नाही. आयआयटी गोवा आणि फर्मागुढीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय इथेच आहेत. असा अभ्यास करण्यासाठी पावसाळा, घाट आणि रोज नवे चालक एवढे सगळे त्यांच्या दारात आहे.

तोवर गाडी घ्यायला जाल तेव्हा शोरूममध्ये मत ठरवू नका. गाडी रस्त्यावर काढा. शेजारी बसलेल्याला गाणी लावू द्या, तुम्ही मात्र समोर बघत काचेवर वारा सोडून पाहा, वायपरची गती बदलून पाहा, एसी एका घराने कमी करून पाहा. मग गाडी कडेला उभी करा आणि आपल्या गावाचे नाव, घरी जसे घेता तसे, तिला सांगून पाहा.